चार ते सात

खिचूच्या वाफेला कुलूप अडवत नाही. हिवाळ्यात बडोद्यातल्या आमच्या वासण्याच्या सोसायटीच्या फाटकाशी एक बाई हातगाडी लावतात, पातेल्यावरचं झाकण उचलतात, आणि वाफवलेल्या तांदळाच्या पिठाचा, ओव्याचा, वरून सोडलेल्या कच्च्या तेलाचा तो वास तीन मजले जिना चढून, बंद दाराखालून आत शिरून, माणसाला दंडाला धरून खाली नेतो. शेजारचे नव्वदीतले दादा एकदा या वासाने गाढ झोपेतून उठले आणि कवळी न लावता माझ्याआधी गाडीपाशी पोचले, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. त्यांना विचाराल तर ते नाही म्हणतील. पण या वयात त्यांच्या स्मरणशक्तीवर किती विसंबायचं?

आज सकाळी वाडगा घेऊन गॅलरीत बसलो आणि पहिल्याच घासाला हात थांबला. वास माणसाला कुठे नेऊन सोडेल याचा नेम नसतो. मला त्याने शहराबाहेरच्या एका कारखान्यात नेऊन सोडलं. पहाटेचं धुकं. ते तरी कसं, तर एकदा मी दुसऱ्याच माणसाची सायकल घेऊन त्याच्याच घरी गेलो आणि अर्धा चहा होईपर्यंत कोणाच्याही लक्षात आलं नाही. अशा धुक्यातून कंट्रोल रूमच्या दारात एक माणूस उगवायचा. हातात खिचूने भरलेला कागदाचा द्रोण, त्यावर झाकण म्हणून दुसरा द्रोण उपडा. 'खा आधी, मग बोल,' म्हणायचा. तो माझा रिलीव्हर. माझी पाळी संपायची तिथे त्याची सुरू व्हायची. पाळ्या आठवड्याला बदलत, पण जोडी बदलली नाही. एक आठवडा मी सुटायचो, तो लागायचा; दुसऱ्या आठवड्यात उलट. बावीस वर्षं आम्ही एकमेकांना दिवसाला दहा मिनिटं भेटलो. लग्न करूनही माणसं इतकी नियमित भेटत नाहीत.

आमच्या दोघांमध्ये एक रजिस्टर असायचं. आपल्या आठ तासांत काय घडलं ते जाणाऱ्याने लिहायचं, येणाऱ्याने शब्दन् शब्द वाचायचं, मगच खाली सही करायची. पहिल्याच दिवशी वरिष्ठांनी बजावलं होतं, न वाचता सही केलीस तर मशीनच्या हातून मरशील, आणि मशीनने सोडलं तर माझ्या हातून. मी लिहायचो ते असं, 'दोन नंबरचा पंप पिसाळलेल्या हत्तीसारखा ओरडतो आहे, पाया थरथरतो आहे, भिंतीला बहुधा तडा गेला आहे.' दुसऱ्या दिवशी परत यावं तर माझ्या खाली त्याचं बारीक, सरळ अक्षर, 'दोन नंबर पंप. आवाज किंचित जास्त. एक बोल्ट सैल होता. आवळला.' मी लिहावं, 'मागच्या नाल्यात बारा फुटी मगर.' त्याने लिहावं, 'नाल्यात घोरपड. गेली.' आता बडोद्यात विश्वामित्रीच्या मगरी रस्त्यावर येतात हे जगजाहीर आहे, तेव्हा माझं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. पण त्याच्या त्या एका ओळीपुढे माझी मगर कायमची घोरपड होऊन बसली. माझ्या प्रत्येक थापेला त्याने असा एकेक बोल्ट आवळला. कधी चिडला नाही, कधी चारचौघांत उघडं पाडलं नाही. नुसतं खाली खरं ते लिहून ठेवलं.

त्याचं सगळं आयुष्य मी असंच वाचलं. त्याला मुलगी झाली तेही मला रजिस्टरमध्येच कळलं. 'उद्यापासून आठ दिवस रजा. मुलगी झाली. दोघी ठीक. तीन नंबरच्या व्हॉल्व्हकडे लक्ष ठेवणे.' त्याच्या लेखी, लिहिलं म्हणजे सांगितलं. जो वाचून सही करतो त्याला पुन्हा तोंडाने सांगायची गरजच काय?

मशीनच्या शेडमध्ये कानात घालायचे बोळे तो खिशात ठेवायचा. 'कानात घातले तर मशीन काय म्हणतंय ते कसं कळणार?' मशीनचं त्याने सगळं ऐकून घेतलं. निवृत्तीनंतर माणसांचं ऐकायला कान उरले नाहीत. कानात यंत्र बसवलं, तर त्यात पंखा आधी ऐकू येतो आणि माणूस नंतर. फोनवर बोलणं बंद झालं. समोर बसलं की मात्र ओठांवरून ओळखायचा. माझ्यासाठी तर तेवढंही नको, म्हणायचा, 'तुझे हातवारे पुरतात. फक्त दाखवशील त्याच्या निम्मं धरायचं.'

मग मुलीने त्याला फोन शिकवला आणि तो सोशल मीडियावर आला. तिथेही रजिस्टरच लिहायला लागला. जग तिथे सूर्यास्त टाकतं, सुविचार टाकतं, आपल्याच ताटाचे फोटो टाकतं. हा टाकायचा, 'पाणी सव्वासहाला आले. दाब कमी. गच्चीवरच्या वांग्याला तीन फुलं.' मी हसून लोटपोट. वासण्यातून निजामपुऱ्याला त्याच्या घरी महिन्याकाठी एक फेरी व्हायची माझी, चहा व्हायचा, हातवारे व्हायचे. ती हळूहळू दोन महिन्यांनी झाली, मग सणासुदीला, मग थांबली. थांबली हे कळलंही नाही, कारण रोज सकाळी तर भेट होत होती. त्याच्या वांग्यांची खडान्‌खडा माहिती मला होती. भेटून आणखी काय मिळणार होतं?

आता माझी सकाळची फेरी कशी असायची ते सांगतो. तुम्हीही मारत असाल, तेव्हा उगीच साळसूद होऊ नका. मी अर्ध्या बडोद्याला फॉलो करतो, पाव पुण्याला, आणि ज्यांच्याशी आपलं नातं काय हे बायकोला विचारावं लागतं अशा कित्येकांना. अकोट्याच्या एक बाई आहेत, त्या आपल्या मांजरावर रोज एक कविता करतात. मांजर कंटाळून घर सोडून गेलं, कविता चालू आहेत. एक जुने सहकारी विश्वामित्रीतल्या मगरीचा फोटो टाकतात, रोज तोच. मामेबहिणीची जाऊ रांगोळी दाखवते. यांतलं कुणीही दारात आलं तर मी पाणी विचारीन, चहा टाकायला लावीन, जेवल्याशिवाय सोडणार नाही. पण फोनमध्ये ही सगळी माणसं एकदम येतात, पंगत बसल्यासारखी, आणि मी होतो वाढपी. वाढप्याला पानं दिसतात, जेवणाऱ्याचं तोंड दिसत नाही. चहा निवायच्या आत मी शंभर पानांवर बदाम वाढून मोकळा व्हायचो. लाइकचे लाल बदाम, टपोरे बदाम. माझ्याइतका दिलदार माणूस गायकवाडांच्या काळातही झाला नसेल.

गेल्या वर्षी भाचीच्या लग्नाच्या पत्रिका वाटायचं काम माझ्याकडे आलं. फोनवर पत्रिका सगळ्यांना गेलीच होती, पण आमच्या घरी हळदकुंकू लावलेला कागद हातात दिल्याशिवाय आमंत्रण धरत नाहीत. निजामपुऱ्याच्या यादीत पहिलं नाव त्याचं. किती दिवसांनी जातोय म्हणून मी खुशीत, वाटेत शेवउसळही बांधून घेतली. जिना चढलो, बेल दाबून काही उपयोग नाही म्हणून दारावर थाप न मारता खिडकीतून हात हलवला. तशी आमची पद्धत होती. दार एका अनोळखी गुजराती बाईंनी उघडलं. हात पिठाचे.

"कोनुं काम हतुं, काका?"

मी त्याचं नाव सांगितलं.

"ए तो गया ने! कोईम्बतूर, दीकरीने त्यां. महिनो थयो."

"फरवा गया?" मी विचारलं. म्हणजे मुलीकडे फिरायला गेलेत का.

"ना रे ना, कायम. घर अमे लीधुं." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांना काय वाटलं कोण जाणे, आवाज खाली आला. "तमने खबर नथी? काका तो कहेता हता, बधाने लखी दीधुं छे."

सगळ्यांना लिहून कळवलंय. बसलो मी. त्यांनी पाणी आणलं. भिंतींना नवा रंग लागला होता आणि गच्चीच्या दारापाशी कुंड्यांच्या बुडाचे गोल डाग तेवढे राहिले होते. त्या बाई बोलक्या होत्या, आणि बोलक्या माणसाचा मला प्रथमच राग आला. घर सोडण्याच्या आदल्या रविवारी त्या पडद्यांची मापं घ्यायला आल्या होत्या. काकी आत खोकी बांधत होत्या आणि काका बाहेरच्या खोलीत उरलेल्या खुर्च्या मांडून दाराकडे तोंड करून बसले होते. बेल ऐकू येत नाही, म्हणून दार सताड उघडं. खालच्या मजल्यावरच्या मावशी येऊन गेल्या, वॉचमन आला, कारखान्यातले दोघं आले, चहा पिऊन गेले. सात वाजले. डास यायला लागले तेव्हा बाईंनी खुणेने विचारलं, दार लावू का? काका म्हणाले, "पांच मिनिट." त्यांची ती पाच मिनिटं आठ वाजेपर्यंत चालली.

"कहेता हता," बाई हसत म्हणाल्या, "मारो एक भाईबंध छे, ए मोडो ज आवे."

माझा एक जिवाचा दोस्त आहे, तो उशिराच येतो. बरोबरच होतं. पाळीवर मी नेहमीच पाच मिनिटं उशिरा पोचायचो, आणि कारणं तरी काय द्यायचो! रेल्वे फाटकात हत्ती अडकला होता, न्यायमंदिरापाशी मिरवणूक निघाली होती, मगरीने सायकलची चेन खाल्ली होती.

घरी आलो आणि चपला न काढता फोन उघडला. बोट मागे मागे नेलं. तिकडच्या महिनाभराच्या नोंदी गेल्या, मी न वाचलेल्या. सापडलं. फोटो गच्चीचा होता, ऊन पडलेलं, वांगी लगडलेली. खाली लिहिलं होतं, 'वांग्याला यंदा चांगला बहर. एकूण चौदा कुंड्या. पाणी साडेसहाला. कढीलिंबाला कीड होती, गेली. कुंड्या सगळ्या वाटून टाकल्या. घर दिले. पुढच्या सोमवारी कोइमतूरला मुलीकडे, कायमचे. रविवारी चार ते सात घरी आहे. यायचे त्याने यावे. फोन करू नये, ऐकू येत नाही.'

आणि खाली माझा बदाम. आणि बदामाखाली, माझ्याच नावाने, 'वा! बहार आहे! वांगी पाठव लेका!'

"अहो, काय झालं?" बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. मी फोन तिच्या हातात दिला. तिने वाचलं. सावकाश, शेवटपर्यंत. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"वाचलंत का तरी हे तेव्हा?"

"पहिली ओळ वाचली."

"पहिल्या ओळीत वांगी आहेत."

"हो ना."

"माणूस खाली आहे," ती म्हणाली आणि शेवउसळीची पिशवी उचलून आत गेली. त्या दिवशी ती उसळ कोणी खाल्ली ते मला माहीत नाही. मी नाही.

चार दिवस मी त्याला निरोप लिहीत होतो. मी! जो एका घोरपडीवर दोन पानं लिहायचा! लिहायचो आणि खोडायचो. हत्ती, मिरवणूक, आजारपण, परगाव, सगळं आळीपाळीने येऊन गेलं, आणि प्रत्येक वाक्याखाली त्याचं ते सरळ अक्षर दिसायला लागलं. शेवटी एवढंच पाठवलं, 'रविवारी आलो नाही. माफ कर.' खरं तेवढंच होतं. कारण काही लिहिलं नाही. विचारलं तर सांगू, असं मनाशी ठरवलं होतं.

त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. सवयीपेक्षा लांब होतं. 'माफी कसली. दार लावताना हिला म्हणालो, तो येणार नाही. त्याच्याने बघवणार नाही. तुझं ते वांगी पाठव पुन्हा वाचलं आणि समजलो. तुला झेपेनासं झालं की तू थट्टा करतोस, मला बावीस वर्षं माहीत आहे. आला असतास तर मलाही जड गेलं असतं. बरं केलंस. इथे सगळे ठीक. विहिरीचे पाणी गोड. लोक तमिळ बोलतात, पण मला काय, मराठीही ऐकू येत नव्हते.'

मी ते बायकोला वाचून दाखवलं. तिने फोन घेऊन ते स्वतः पुन्हा वाचलं.

"मग सांगा ना त्यांना खरं काय ते."

"सांगून कोणाचं भलं होणार आहे?"

"तुमचं," ती म्हणाली.

त्याला काही महिने झाले. सांगितलेलं नाही. आयुष्यभर मी गावाला थापा मारल्या. त्या सगळ्या मी स्वतः घडवलेल्या होत्या, घाम गाळून, आणि ऐकणाऱ्यालाही ठाऊक असायचं की हा सोडतोय. ही एक मी न मारता माझ्या नावावर जमा झाली, आणि ज्याने लिहिली तो कधी एक अक्षर वाढवून न लिहिणारा माणूस. त्याच्या घरात, त्या अनोळखी गावात, माझं एक चांगलं रूप राहतं आहे. निरोपाला घाबरून घरात तोंड लपवून बसलेला, आतून हळवा असा कोणी मित्र. त्याच्यासाठी तो दार लावताना रागावला नाही. मी खरं लिहिलं तर त्या मित्राला मीच घराबाहेर काढणार, आणि मग त्या उघड्या दारासमोरचा तो एक तास त्याला पुन्हा बसून काढावा लागणार, या वेळी खरोखरीचा. नाही लिहिलं तर मी रोज त्याचं प्रेम दुसऱ्याच्या नावाने घेत राहणार. लिहायला बसतो. 'अरे, ते असं झालं' इथपर्यंत येतो. फोन खाली ठेवतो. मला या दोन्हींतलं काहीच जमत नाही, हे मी आता तुमच्यापाशी कबूल करून टाकतो.

त्याचं मात्र आता मी शब्दन् शब्द वाचतो. दोनदा वाचतो. खालून वर वाचतो. काल लिहिलं होतं, 'सकाळी धुके. नारळाला नवे पान.' मी अर्धा तास विचार करत होतो, याच्या खाली काही आहे का? धुकं म्हणजे नुसतं धुकं का? मग बाकीची पंगत तशीच बसून राहते. अकोट्याच्या बाईंच्या कवितेत चौदा कडवी असतात. पहिल्यात मांजर असतं, पण चौदाव्यात काय असतं ते मी आजवर कधी बघितलं नव्हतं. बघायला लागलो तर अकरा वाजेपर्यंत तीनच माणसं होतात. त्यातल्या एकाला परवा काळजीने फोन केला, तर पलीकडून आधी हबकलेला आवाज, "कोण गेलं?" कोणी नाही, सहज केला म्हटलं, तर त्यांना माझीच काळजी वाटायला लागली. चौकशी करावी तर माणसं घाबरतात, नाही करावी तर माणसं जातात. इतक्या लोकांचं इतकं सगळं कळत राहावं अशी माणसाच्या छातीची बांधणीच नसावी. आपल्याला दहा मिनिटं आणि एक माणूस, एवढंच झेपत असावं.

एक गोष्ट मी बरेच दिवस आठवायचा प्रयत्न करतो आहे. त्या रविवारी, चार ते सात, मी कुठे होतो? लग्नाला गेलो नव्हतो, तब्येत बरी होती, शहर ओलांडायला रिक्षाने अर्धा तास लागतो. काहीतरी केलंच असेल मी त्या तीन तासांत. बायकोला विचारलं. ती म्हणाली, "घरीच होतात. गॅलरीत बसला होतात, फोन घेऊन. मी दोनदा चहा दिला."

मला तो चहासुद्धा आठवत नाही. आजवर माझ्या प्रत्येक गैरहजेरीला एक गोष्ट असायची, आणि ती ऐकायला लोक आपली कामं टाकून बसायचे. या तीन तासांची गोष्ट नाही. ऊन उतरत गेलं असेल, खालच्या फाटकाशी पोरं खेळली असतील, कोणाकोणाचे सूर्यास्त माझ्या बोटाखालून गेले असतील. वेळ गेला, आणि जाताना मला काहीच देऊन गेला नाही. त्याच्याकडे तरी त्या संध्याकाळचे डास आहेत, चार माणसांचे चेहरे आहेत, दारातून दिसणारा जिना आहे. माझ्याकडे तेवढंही नाही.